चंदीच्या आधी वैरण

घोड्याच्या खाण्याचा विषय महाराष्ट्रात निघाला की पहिला प्रश्न चंदीचा असतो. हरभरा किती घालता, भिजवून की भरडून, त्यात गूळ असतो का, थंडीत तेल देता का, अशी विचारपूस होते आणि घोड्याची निगा या उत्तरांवरून जोखली जाते. वैरणीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. वैरण पोट भरायला आणि चंदी ताकदीला, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. या लेखाचे म्हणणे असे, की हा क्रम उलटा आहे. घोड्याचे शरीर वैरणीवर चालते आणि वैरणीत जे कमी पडते ते भरून काढणे एवढेच चंदीचे काम असते. आपल्याकडच्या नेहमीच्या दाणा-वैरणीचा नीट हिशेब मांडला, तर कमी पडते ते बहुतेकदा प्रथिन नसतेच. कमी पडतात कॅल्शियम, मीठ आणि हिरव्या चाऱ्यातून मिळणारी जीवनसत्त्वे. ज्या घटकावर मालक सर्वांत जास्त पैसा खर्च करतो तो घोड्याला गरजेपेक्षा जास्त मिळतो, आणि जे घटक अगदी स्वस्तात मिळतात त्यांच्याच अभावी त्याची हाडे आणि आतडी दुबळी होतात.

हा प्रश्न मूठभर शौकिनांचा नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४२ लाख होती. २०१२मध्ये हा आकडा ६.२५ लाख होता, म्हणजे सात वर्षांत जवळपास निम्मी संख्या घटली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१५मध्ये दिला. तरीही महाराष्ट्रात घोडा अनेक रूपांत टिकून आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींतली थरोब्रेड जनावरे आहेत. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात प्रवासी आणि सामान वाहणारी तट्टे आहेत. धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी भीमथडी घोडी आहेत. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हात बदलणारे घोडे आहेत. पिंपरीला हाफकिनकडे असलेल्या घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरची प्रतिविषे तयार होतात. आणि शहरोशहरी लग्नाच्या वरातीत उभे राहणारे घोडे आहेत. या सगळ्यांचे काम वेगळे, वजन वेगळे, मालकाची ऐपत वेगळी. पण पोटाची रचना एकच आहे. आहाराचे मूळ नियम म्हणूनच सर्वांना सारखे लागू होतात.

यातल्या बहुतेक घोड्यांच्या बाबतीत गेल्या दोन पिढ्यांत एक मोठा बदल झाला, तो म्हणजे त्यांना चरायला जमीन उरली नाही. नवी मुंबईतले सारसोळे गाव पाहिले की हे लगेच ध्यानात येते. एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला नेरूळच्या इमारती, आणि मधे आगरी-कोळ्यांचे गावठाण. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या भूसंपादनात या पट्ट्यातली भातखाचरे गेली, तशी बांधावरची आणि मोकळ्या रानातली चराईही गेली. अशा ठिकाणी घोड्याच्या तोंडात जाणारी जवळजवळ प्रत्येक काडी विकतची असते. सुके गवत ठाणे-पालघरच्या पट्ट्यातून येते, भाताचा पेंढा आजूबाजूच्या तालुक्यांतून येतो, आणि हरभरा-कोंडा धान्यबाजारातून. मोकळा चरणारा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास निरनिराळी गवते, पाला आणि शेंगावर्गातल्या वनस्पती खात असतो आणि या विविधतेतून त्याच्या आहारातल्या पुष्कळ उणिवा आपोआप भरून निघतात. ठाणावर बांधलेल्या घोड्याला ही सोय नाही. त्याच्यासमोर जे टाकले जाते तेच त्याचे जग. त्यामुळे आहाराची जबाबदारी पूर्णपणे माणसावर येते आणि ती अंदाजाने पेलता येत नाही.

आधी पोट समजून घ्यावे लागते. घोड्याचे जठर लहान असते. ५०० किलोच्या घोड्याचे जठर साधारण ८ ते १५ लिटरचे, म्हणजे संपूर्ण पचनमार्गाच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास. याउलट अंधांत्र आणि मोठे आतडे मिळून या मार्गाची निम्म्याहून अधिक जागा व्यापतात. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव चाऱ्यातले तंतू आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लांवर घोडा आपल्या ऊर्जेचा मोठा भाग मिळवतो. गायीम्हशींतही आंबवणूक होते, पण त्यांच्यात ती पहिल्यांदा होते आणि पचन नंतर. घोड्यात लहान आतड्यातले पचन आधी आणि आंबवणूक नंतर. हा फरक निर्णायक आहे. धान्यातला स्टार्च लहान आतड्यात पचला तर तो उपयोगी पडतो. एका वेळी फार दिला आणि न पचता पुढे गेला, तर मोठ्या आतड्यात त्याचे लॅक्टिक आम्ल बनते, तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मरतात, आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज आणणारा लॅमिनायटिस हा भयंकर आजार उद्भवतो. त्यातच घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून खाल्लेले बाहेर टाकण्याचा मार्गही त्याला नाही. जठरात आम्ल दिवसरात्र झिरपत असते, मात्र ते शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. दोन वेळा तोबरा चढवून मधले दहा तास रिकामे ठेवणे म्हणजे जठराला आम्लात भिजत ठेवणे.

यातून जो नियम निघतो तो साधा आहे. घोड्याने रोज आपल्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के सुका आहार घ्यावा आणि त्यातली वैरण वजनाच्या किमान दीड टक्का असावी. माथेरानच्या किंवा वरातीच्या ३०० किलोच्या घोड्यासाठी याचा अर्थ एकूण सहा ते साडेसात किलो आणि त्यात निदान साडेचार किलो वैरण. वजनकाटा नसला तरी वजन काढता येते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८०ने भागावे. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर उत्तर सुमारे २९३ किलो येते. शिंप्याची फीत एवढेच साधन यासाठी लागते, आणि ते न वापरता दिलेली चंदी हा निव्वळ अंदाज असतो.

आता आपल्याकडच्या वैरणीचे गुणदोष पाहू. पावसाळ्यानंतर कापून वाळवलेले डोंगरी गवत ही कोकणपट्टीची मुख्य वैरण. तंतूंसाठी ते उत्तम, पण त्यात प्रथिन तीन-चार टक्केच असते आणि कापणी उशिरा झाली तर ते आणखी घटते. देशावरचा ज्वारीचा कडबा साधारण त्याच योग्यतेचा आहे. वाळलेला कडबा चालतो, मात्र कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला देऊ नये, कारण तिच्यातल्या सायनाइड बनवणाऱ्या द्रव्यांमुळे मूत्राशय आणि मज्जातंतूंचे विकार होतात. भाताचा पेंढा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकृष्ट. त्यात वाळूसारखी सिलिका भरपूर, पोषण थोडे, आणि वर ऑक्झलेट असते. हे ऑक्झलेट कॅल्शियमला घट्ट पकडून ठेवते. मुंबई परिसरातल्या गोठ्यांना पुरवले जाणारे पॅरागवत आणि नेपियर म्हणजे हत्तीगवत यांच्यातही ऑक्झलेट बरेच असते. म्हशीच्या पोटातले सूक्ष्मजीव ते आधीच मोडतात म्हणून तिला ते मानवते. घोड्यात आंबवणूक लहान आतड्यानंतर होत असल्याने तोवर कॅल्शियम शोषण्याची संधी निघून गेलेली असते. हिरवेगार गवत समोर पडलेले असूनही घोड्याच्या हाडांना उपास घडतो, तो असा. या सगळ्यांत वेगळी उठून दिसते ती लसूणघास. वाळवलेल्या लसूणघासात पंधरा ते वीस टक्के प्रथिन आणि सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम असते. हिरव्या लसूणघासात चार-पंचमांश पाणी असते, हे मात्र विसरू नये. दोन पेंढ्या हिरव्या घासाने जेवढे समाधान मालकाला मिळते तेवढे पोषण घोड्याला मिळत नाही.

धान्याकडे वळताना हरभऱ्याला न्याय दिला पाहिजे. वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन, चाळीस टक्क्यांच्या वर स्टार्च, चार-पाच टक्के स्निग्धांश, आणि घोड्याला ज्याची सर्वाधिक निकड असते ते लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, असे हे सकस धान्य आहे. भिजवल्याने तो मऊ होतो आणि घशात अडकण्याचा धोका कमी होतो. मात्र कोकणच्या दमट उकाड्यात भिजवलेला हरभरा काही तासांत आंबतो, म्हणून तो वेळेला लागेल तेवढाच भिजवावा. ओटमध्ये, म्हणजे जईमध्ये, प्रथिन अकरा-बारा टक्के असले तरी त्यातला स्टार्च लहान आतड्यात फार चांगला पचतो आणि तंतूही बरे असतात. शर्यतीच्या तबेल्यांत ओटला मान आहे तो याच कारणाने. मका आणि सातू यांचा स्टार्च न शिजवता किंवा न भरडता दिला तर त्यातला बराच भाग मोठ्या आतड्यात जातो. बुरशी लागलेला मका तर जीवघेणा ठरतो. त्यातल्या फ्युमोनिसिन या विषाने घोड्याच्या मेंदूचा भाग अक्षरशः विरघळतो आणि त्यावर इलाज नाही. धान्य कोणतेही असो, एका वेळी दिल्या जाणाऱ्या स्टार्चचे प्रमाण दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. ३०० किलोच्या घोड्याला एका तोबऱ्यात पाऊण किलो हरभरा ही म्हणूनच वरची मर्यादा समजावी.

आता मूळ मुद्द्याची परीक्षा आकड्यांनी घेऊ. ३०० किलोचा, मध्यम काम करणारा घोडा घ्या. त्याला रोज चार किलो सुके गवत, दीड किलो हरभरा आणि दीड किलो गव्हाचा कोंडा मिळतो असे धरू. हा आहार काल्पनिक वाटू नये, कारण थोड्याफार फरकाने हेच अनेक ठाणांवरचे ताट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाणांवरून अशा घोड्याला सुमारे ४६० ग्रॅम प्रथिन, २१ ग्रॅम कॅल्शियम आणि १३ ग्रॅम फॉस्फरस लागतो. वरच्या आहारातून प्रथिन साधारण ६६५ ग्रॅम मिळते, म्हणजे गरजेच्या जवळपास दीडपट. कॅल्शियम मिळते जेमतेम १६ ग्रॅम. फॉस्फरस मात्र २५ ग्रॅमच्या वर जातो, कारण गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस सव्वा टक्क्याच्या जवळ आणि कॅल्शियम त्याच्या एक दशांश इतकेच असते. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कधीही कमी असू नये, शक्यतो दुप्पट असावे. इथे प्रमाण बरोबर उलटे झाले आहे. जास्तीचा फॉस्फरस कॅल्शियमचे शोषण आणखी अडवतो. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढू लागते. लंगडणे जागा बदलत राहते, दात सैल होतात, आणि शेवटी जबड्याची व चेहऱ्याची हाडे तंतुमय होऊन फुगतात. पीठगिरण्यांच्या कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांत हा विकार पूर्वी इतका दिसे, की इंग्रज पशुवैद्यांनी त्याला कोंड्याचाच आजार म्हटले होते.

याच हिशेबातून उपायही दिसतो. दीड किलो कोंडा काढून त्याजागी दीड किलो वाळलेली लसूणघास घातली, तर कॅल्शियम ३४ ग्रॅमवर जाते, फॉस्फरस १३ ग्रॅमवर येतो आणि प्रथिनाला काही कमी पडत नाही. एकूण वैरण साडेपाच किलो होते, म्हणजे किमान मर्यादाही सहज ओलांडली जाते. हरभऱ्यातला अर्धा किलो ओटने बदलला तरी गणित बिघडत नाही. जास्तीचे प्रथिन शरीर साठवत नाही. ते मोडून त्यातला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो, त्यासाठी घोडा जास्त पाणी पितो, आणि तबेल्यात साचणाऱ्या अमोनियाने त्याचीच फुप्फुसे चुरचुरतात. अर्थात गाभण आणि दूध पाजणारी घोडी, वाढीची शिंगरे यांची गरज निराळी आहे. ५०० किलोच्या नुकत्याच व्यालेल्या घोडीला रोज दीड किलो प्रथिन आणि जवळपास साठ ग्रॅम कॅल्शियम लागते. तिच्या बाबतीत हरभरा हात राखून देणे चूक ठरेल. पण काम करणाऱ्या पूर्ण वाढीच्या घोड्याला प्रथिनाची नव्हे, ऊर्जेची आणि क्षारांची वाढीव गरज असते, हे ध्यानात ठेवायला हवे.

क्षारांत मिठाची कथा सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गवत आणि धान्य दोन्हींत सोडियम नगण्य असते. घोड्याच्या एक लिटर घामातून साधारण नऊ-दहा ग्रॅम क्षार जातात आणि उन्हाळ्यात चढावर काम करताना तो तासाला कित्येक लिटर घाम गाळतो. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, म्हणून रक्त दाट होते आणि तहान लागते. घोड्याच्या घामात पाण्याबरोबर क्षारही तितकेच जातात, त्यामुळे शरीर कोरडे पडत असूनही तहानेचा इशारा क्षीण राहतो. पाण्याची बादली समोर असून घोडा पीत नाही, तेव्हा त्याला तहान नाही असा निष्कर्ष काढणे यामुळे धोक्याचे आहे. ३०० किलोच्या घोड्याला नुसते उभे राहायलाही रोज पंधरा ते वीस ग्रॅम मीठ लागते; घाम येणाऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. चंदीत मीठ मिसळणे, ठाणाजवळ खड्याचे मीठ ठेवणे आणि स्वच्छ पाणी कायम हाताशी असणे, याला पर्याय नाही. पाणी कमी पडले की सुकी वैरण आतड्यात अडकते. कोरड्या वैरणीवरच्या घोड्यातला पोटशूळ पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत घोडा बराच स्वावलंबी आहे. क जीवनसत्त्व त्याचे यकृत बनवते आणि ब गटातली बहुतेक त्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव पुरवतात. अ आणि ई मात्र हिरव्या चाऱ्यावर अवलंबून आहेत. गवत वाळताना आणि साठवताना ही दोन्ही झपाट्याने घटतात. यकृतातला अ जीवनसत्त्वाचा साठा काही महिने पुरतो, ई इतके टिकत नाही आणि त्याच्या अभावाचा परिणाम स्नायू व मज्जातंतूंवर होतो. म्हणून सुक्या वैरणीवरच्या घोड्याला रोज थोडा तरी हिरवा चारा मिळायला हवा. गाजरानेही अ जीवनसत्त्वाची बरीच भरपाई होते. तांबे आणि जस्त खुरांसाठी व त्वचेसाठी लागतात, सेलेनियम स्नायूंसाठी. सेलेनियमची गरज आणि विषारी मात्रा यांतले अंतर मात्र फार कमी आहे. दोन-तीन प्रकारच्या क्षारभुकट्या एकत्र मिसळण्याची हौस यासाठीच टाळली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येतो. हरभऱ्यावर पोसलेल्या घोड्यांनी मराठ्यांच्या मोहिमा तोलल्या, मग आज तो अपुरा कसा? हा आक्षेप आदराने ऐकला पाहिजे, पण तो इतिहासाचा अर्धाच भाग सांगतो. त्या घोड्यांना चंदीबरोबर चराई होती, मुक्कामावर गवत कापून आणणारी माणसे होती, आणि त्यांचे काम आजच्या घोड्याच्या कितीतरी पट होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याचा शिधा सांगितला आहे, त्यात धान्य आणि कडधान्याबरोबर तेलतूप, मीठ आणि गवताचाही वाटा नेमून दिलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि वैरण आताच मनास येईल तशी उधळली तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये अशी ताकीद त्यात आहे आणि उंदराने पेटती वात ओढून नेल्यास गवताच्या गंजी भस्म होतील हा इशाराही. त्या पत्रातली चिंता दाण्याइतकीच वैरणीची आहे. परंपरा नीट वाचली तर ती वैरणीच्याच बाजूने साक्ष देते. आपण तिच्यातला हरभरा तेवढा उचलला आणि मीठ, चराई, गवताची बेगमी सोडून दिली.

दुसरा आक्षेप शर्यतीच्या घोड्यांचा. ते धान्य भरपूर खातात आणि वाऱ्यासारखे धावतात, मग धान्याला दोष का? त्यांचा ऊर्जाखर्च प्रचंड असतो, दाणा दिवसातून अनेक वेळा वाटून दिला जातो आणि पशुवैद्य सतत हाताशी असतो. एवढे असूनही प्रशिक्षणातल्या बहुसंख्य शर्यती घोड्यांत जठराचे व्रण सापडतात, हे जगभरच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणजे अवघी काही मिनिटे पूर्ण वेगाने धावण्यासाठी त्या घोड्याकडून किंमत वसूल केली जाते. वरातीच्या घोड्याला ती मोजायला लावण्याचे कारणच नाही. त्याचे काम हंगामी असते. तुळशीच्या लग्नापासून उन्हाळ्यापर्यंत रात्ररात्र उभे राहायचे आणि पावसाळाभर बसून काढायचा. कामाच्या दिवसांतली चंदी सुटीतही तशीच चालू ठेवली तर पहिल्याच श्रमाला त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. रविवारी विश्रांती घेऊन सोमवारी जुंपल्या जाणाऱ्या घोड्यांत हा आजार पूर्वी ओळखीचा होता. विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणावा, वैरण तशीच राहू द्यावी, आणि कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे. बाजारात तयार खाद्याची पोती मिळतात, त्यात सगळे घटक मोजून घातलेले असतात, मग हा खटाटोप कशाला? चांगले तयार खाद्य खरोखर उपयोगी असते, पण त्याच्या दोन अटी असतात. पोत्यावर छापलेली मात्रा दिली तरच त्यातले क्षार आणि जीवनसत्त्वे पुरतात. आणि ते खाद्य वैरणीला जोड म्हणून बनवलेले असते. निम्मी मात्रा देऊन वर कोंडा आणि हरभरा मिसळला की मोजून साधलेला तोल मोडतो. पोते घेताना प्रथिनाचा आकडा पाहून थांबू नये. तंतू किती, कॅल्शियम आणि फॉस्फरस किती, आणि तयार केल्याची तारीख कोणती, हे वाचावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुरांचे किंवा कोंबड्यांचे खाद्य घोड्याला कधीही घालू नये. त्यांत वाढीसाठी किंवा रोगप्रतिबंधासाठी मोनेन्सिन मिसळलेले असू शकते. गाय आणि कोंबडी ते सहन करतात, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याच्या अगदी थोड्या मात्रेने कायमचे निकामी होतात. यात्रांच्या काळात दूध, तूप आणि सुकामेवा खाणाऱ्या घोड्यांच्या बातम्या छापून येतात. तेल किंवा तूप घोड्याला पचते आणि पित्ताशय नसतानाही त्याचे यकृत ते सांभाळते. बारीक झालेल्या घोड्याला स्टार्च न वाढवता ऊर्जा देण्याचा तो चांगला मार्गही आहे. पण बदामाने कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण सुधारत नाही.

शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप पैशाचा आहे. लसूणघास महाग, ओट महाग, आणि घोडा पाळणारा माणूस बहुधा रोजच्या कमाईवर जगणारा. त्याला शास्त्र सांगणे सोपे असते, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे चुकीचे नाही. म्हणूनच गणित त्याच्या खिशात बसते का ते पाहावे लागते. लसूणघास अजिबात न घेता वरचाच आहार असा बदला: कोंडा दीड किलोवरून अर्ध्या किलोवर आणा, गवत चारऐवजी पाच किलो द्या, हरभरा तोच ठेवा, आणि पशुखाद्यासाठी मिळणारी चुनखडीची भुकटी रोज वीस ग्रॅम मिसळा. खायच्या पानाचा किंवा भिंतीला लावायचा चुना मात्र चालणार नाही, कारण तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. या बदलाने कॅल्शियम २५ ग्रॅमच्या वर, फॉस्फरस पंधरा-सोळा ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिन साडेपाचशे ग्रॅम होते. सगळी गरज भागते. एक किलो कोंड्याऐवजी एक किलो गवत, आणि वर चिमूटभर चुनखडी व मूठभर मीठ. या दुरुस्तीला पैसा जवळजवळ लागतच नाही. लागते ती माहिती, आणि ती आजवर घोडेवाल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

ही जबाबदारी एकट्या मालकावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ने जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण पुरेसे म्हणजे किती आणि काय, हे सांगणारा साधा मराठी तक्ता घोडेवाल्याच्या हाती असायला हवा. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून उभे आहे, आणि राज्याचे पशुविज्ञान विद्यापीठ २०००पासून. गाय, म्हैस आणि कोंबडी यांच्या आहारावर आपल्याकडे पुष्कळ पुस्तिका निघाल्या, कारण त्यांच्या दुधाअंड्यांचा हिशेब लगेच लागतो. घोड्याच्या श्रमाचा हिशेब तसा लागत नाही म्हणून तो मागे राहिला. माथेरानच्या परवान्याबरोबर, सारंगखेडा आणि माळेगावच्या यात्रेत, शहरातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ३०० आणि ४०० किलोच्या घोड्याचा एकेक पानाचा आहारतक्ता वाटला गेला पाहिजे. त्यात वजन मोजण्याची रीत असावी, वैरणीची किमान मर्यादा असावी, एका तोबऱ्याची कमाल मर्यादा असावी, कोंड्याचा धोका आणि मिठाचे माप असावे. इतक्या कमी खर्चात जनावराचे आयुष्य आणि त्याच्यावर चालणारे घर दोन्ही सावरणारी योजना शोधूनही सापडायची नाही. घोड्याची निगा विचारताना आपला पहिला प्रश्न हरभऱ्याचा न राहता वैरणीचा झाला, की या सुधारणेची सुरुवात झाली असे म्हणता येईल.